कार्डावर एक पाहुणा

मघापासून तुम्ही बघताय, मी एका जागी टेकत नाही. एवढे गुबगुबीत सोफे, हवं ते खायला-प्यायला, आणि हा माणूस आपला येरझाऱ्या घालतोय. बसवत नाही हो मला या लाउंजमध्ये. मस्कतचं असो नाहीतर मुंबईचं. विमानाला अवकाश आहे, ऐकायचं असेल तर सांगतो. फक्त शेजारच्या खुर्चीवरची माझी बॅग हलवू नका. ती जागा मी रिकामी ठेवत नाही.

मी वरंधचा. महाडहून भोरला जाताना घाट लागतो ना, त्याच्या अलीकडचं गाव. इकडे क्रेनवर सुपरवायझर आहे. गेल्या सुट्टीनंतर परत येताना कंपनीने पहिल्यांदाच बिझनेस क्लासचं तिकीट धाडलं. पण मला कसला आनंद? घरात बाळ जेमतेम आठवड्याचं. दुसरं बाळंतपण म्हणून स्नेहल, माझी बायको, आमच्याच घरी होती. पहिलं हाती लागलं नव्हतं. त्यामुळे या पोराला आई डोळ्यांत तेल घालून जपत होती. उंबऱ्यावर विळा आडवा, दाराला कडुनिंब.

"बोलावल्याबिगर काय उंबरा ओलांडीत नाय," आई बजावायची. "म्हणून कोणाला उगाच या-बसा करू नका."

स्नेहल शहरात शिकलेली. ती नुसती हसायची.

आमच्याकडे मानतात, गाव सोडणाऱ्याबरोबर गावचा राखणदार शिवेपर्यंत येतो. तो पुढे चालतो, म्हणून कोणाला दिसलाच तर पाठ दिसते, तोंड नाही. शिवेवर नारळ फोडायचा आणि म्हणायचं, फिर मागं, घराकडं बघ. तसं म्हटलं नाही तर तो बिचारा बरोबर येत राहतो आणि घर उघडं पडतं. त्या सकाळी बाळाची मूठ माझ्या बोटातून सुटता सुटेना. मी तसाच डोळे पुसत गाडीत बसलो आणि नारळ घरातच राहिला. आठवण झाली ती थेट महाड मागे पडल्यावर. ड्रायव्हर महादू म्हणाला, आता कुठे परत फिरता, विमान चुकेल. मीही जाऊ दे म्हटलं, पण मन खात होतं.

दासगावला महादूने चहासाठी गाडी थांबवली. समोर सावित्रीची खाडी, ओहोटी लागलेली, काठाचा चिखल उन्हात चकाकत होता. पाण्याकडे तोंड करून एक माणूस उभा होता. आपल्याकडची सवय तुम्हाला ठाऊक आहे, ओळख असो नसो, विचारल्याशिवाय राहवत नाही. मन जरा हलकं करावं म्हणून निघताना काच खाली केली आणि हाक मारली.

"काय पाव्हणं, येताय काय मुंबईला?"

तो वळला नाही. मी हसलो आणि काच वर केली.

जरा पुढे गेलो नाही तोच गाडीत टूं टूं वाजायला लागलं.

"भाऊ, मागच्या सीटच्या पट्ट्याचा आवाज हाय," महादू म्हणाला. "शेजारच्या सीटवर बॅग ठेवलीय काय?"

"नाही रे. बॅगा डिकीत आहेत."

महादूने आरशात बघितलं. मग आरसा वर, टपाकडे फिरवून टाकला. आवाज काही थांबेना. शेवटी वैतागून मी शेजारच्या रिकाम्या जागेचा पट्टा ओढून अडकवला. तेव्हा थांबला. मुंबईला विमानतळावर महादू बॅगा उतरवून भाड्याचीही वाट न बघता निघून गेला.

लाउंजच्या दारात कार्ड तपासणारी एक मुलगी होती, सरिता. पासपोर्टावर महाड वाचून खुलली. पोलादपूरची निघाली.

"कार्डावर एक पाहुणा चालतो सर. ते आत गेलेसुद्धा."

"कोण ते?"

"तुमच्याबरोबरचे. काही बोलले नाहीत, सरळ आत गेले." मग जरा आवाज खाली आणून, "त्यांना बरं नाही का? कपडे ओले होते…"

मागे रांग होती. मी आत ढकलला गेलो.

भर दुपार होती. काचेबाहेर विमानं उन्हात उभी, आत माणसांची कुजबुज, कपबशा. भ्यायचं म्हटलं तरी भीती वाटू नये अशी जागा. मी कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलो. वेटरने पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले, एक माझ्यापुढे, एक शेजारी. मी एक परत ने म्हणणार होतो, तेवढ्यात शेजारची गादी दिसली. मधोमध दबलेली होती. कोणीतरी बसल्यावर दबते तशी. आणि चिखलाचा वास यायला लागला. त्या थंडगार, अत्तर मारलेल्या खोलीत ओल्या चिखलाचा वास…

समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, बंद. काळ्या काचेत सोफा दिसत होता. मी दिसत होतो, माझं पांढरं पडलेलं तोंड. आणि शेजारी एक डोकं. माझ्यासारखंच टीव्हीकडे तोंड करून बसलेलं असणार, पण काचेत दिसत होती त्याची मागची बाजू. ओले, चिकटलेले केस आणि मान.

मी उठून पळणारच होतो. पण मग एकदम उलगडा झाला, आणि खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. तोंड दिसत नाही, पाठ दिसते… हा तर आपला राखणदार! मी नारळ विसरलो म्हणून बिचारा इथवर आला. पण लगेच दुसरा धसका बसला. हा इथे, म्हणजे घर उघडं. बाळ उघडं.

मी त्या दबलेल्या गादीकडे वाकलो. हात जोडले.

"चुकलं माझं… फिर मागं. घरी जा. उंबऱ्याच्या आत जा, पाळण्याशी बस… विनीतनं सांगितलंय म्हण."

गादी हळूहळू वर आली. वास गेला. शेजारचा ग्लास रिकामा होता. मग मी मूर्खासारखा पोटभर जेवलो.

विमानात बसल्यावर आईला फोन लावला. म्हटलं, शिवेवर नारळ राहिला खरा, पण काळजी करू नको, राखणदाराला आत्ताच परत धाडलाय.

"काय बोलतोस?" आई म्हणाली. "तू विसरलास म्हणून मी शेजारच्या चांगूला लगेच पिटाळला शिवेवर. नारळ फोडला त्यानं. राखणदार फिरला रे मागं, सकाळीच फिरला."

मला पट्ट्याचा तो आवाज आठवला. तो शिवेपाशी सुरू झाला नव्हता. दासगावला सुरू झाला होता.

"विनीत… तू कोणाला धाडलास घरी?"

हवाई सुंदरी फोन बंद करा म्हणून डोक्याशी उभी. तिकडे आई पुटपुटली, "थांब… अंगणात कोण उभा हाय. पाठ करून."

"आई, दार लाव! स्नेहलला सांग—"

आणि लांबून, घरातून, स्नेहलचा आवाज आला. गोड, अगत्याचा.

"यांनी पाठवलंय का तुम्हाला? अहो मग बाहेर का? या ना, आत या."

फोन तुटला. विमान हललं होतं. मी उठून ओरडलो, उतरवा म्हणून रडलो, दोघांनी मला धरून बसवलं.

इथे उतरल्या उतरल्या फोन केला. सगळं ठीक होतं. कोणी आलं नाही, दोघी म्हणाल्या. आई म्हणते मी फोनच केला नव्हता. तेव्हापासून रजा मागत होतो, ती आज मिळाली, म्हणून घरी निघालोय.

स्नेहल रोज व्हिडिओ कॉल करते. बाळ सुखरूप आहे, बाळसं धरलंय, रडतसुद्धा नाही. पण कधीही बघावं तर पाळण्यात माझ्याकडे पाठ. काल मी हट्टच धरला, मला त्याचं तोंड दाखव.

"एवढंच ना?" ती हसली. "थांबा, पलीकडून दाखवते."

ती फोन घेऊन पाळण्याला वळसा घालून गेली. पलीकडूनही मला मागचंच डोकं दिसलं. जावळ ओलं होतं.

"दिसला?" स्नेहल म्हणाली. "बघा कसा हसतोय तुमच्याकडे बघून."