मेन स्विच आणि हरवलेली फाईल

"चोर मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या!" वहिनी आणि भाऊजींनी नाट्यगृहाच्या दारात पाऊल टाकताच मालक गरजले.

भाऊजी मनातून हरखले. चोर आयताच मिळाला, म्हणजे जेवायला वेळेवर घरी! त्यांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, खाजगी गुप्तहेर होत्या आणि भाऊजी त्यांचा उजवा हात. निदान भाऊजींच्या स्वतःच्या मते.

मालकांचं गाऱ्हाणं असं. तिकिटं दोन ठिकाणी विकायची: नाट्यगृहात आणि बाजारातल्या खिडकीवर. दोन्ही संगणक एका खाजगी वाटेनं जोडलेले. त्या वाटेचं दार म्हणजे नाट्यगृहाच्या संगणकातली एक फाईल. तिला ना तार, ना जोडणीचं कार्ड; खऱ्या जोडणीचं नुसतं सोंग. काल तीच गायब! दोन्हीकडून त्याच खुर्च्या विकल्या गेल्या आणि एकेका खुर्चीवर दोन-दोन माणसं हमरीतुमरीवर आली.

"हे त्या बत्तीवाल्याचंच काम! रोज शेवटी तोच बाहेर पडतो. माझ्या मुलीशी लग्न ठरलंय त्याचं. आज मोडतो की नाही बघा!"

बत्तीवाला रडकुंडीला आला होता. "संगणकाला मी हातसुद्धा लावत नाही हो! रात्री मेन स्विच पाडतो आणि घरी जातो. वीज वाचवा, हा मालकांचाच हुकूम."

खिडकीवरच्या काकू फोनवर म्हणाल्या, "एरवी दुपारी ताईंचा फोन येतो, 'काकू, बघा जोडलं का?' काल आलाच नाही."

ताई म्हणजे मालकांची मुलगी. संगणक तीच बघायची.

"काल दुपारी कुठे होतीस गं?" वहिनींनी विचारलं.

"चष्मा करायला. उशीर झाला, थेट खेळालाच आले. पण आज फाईल आहे!" ती घाईघाईनं म्हणाली.

वहिनींनी संगणकातला ती फाईल असलेला कप्पा उघडला. सगळ्या फायली आज सकाळी, संगणक सुरू झाला तेव्हा बनलेल्या. काल हरवलेली तेवढी आज दुपारची.

"सगळ्याच आजच्या?" भाऊजी ओरडले. "म्हणजे कालच्या सगळ्याच गेल्या!"

"भाऊजी, कधीकधी तुम्ही चुकून बरोबर बोलता," वहिनी हसल्या. भाऊजींना आपण काय बरोबर बोललो ते कळेना.

वहिनींनी सगळ्यांना तिकीटघरात बोलावलं.

"चोर कुणीच नाही. हा कप्पा संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात असतो. वीज गेली की पुसला जातो आणि सुरू होताना नव्यानं मांडला जातो. तुमच्या स्टेजसारखंच की! सांगून ठेवलेलं सामान रोज मांडलं जातं. कुणी मध्येच हातानं ठेवलेली खुर्ची उद्या नसते. ही फाईल लावायला संगणकाला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रोज रात्री जायची."

"मग एरवी तिकिटं कशी विकली जायची?" मालक चक्रावले.

"रोज दुपारी कुणीतरी ती हातानं बनवायचं आणि मग काकूंना फोन करायचं. काल ते माणूस चष्म्याच्या दुकानात अडकलं."

ताईचे डोळे भरून आले. "मला वाटलं, ह्यांच्या स्विचमुळेच बिघडतंय. बाबांना कळलं तर ह्यांना हाकलतील, म्हणून गुपचूप..."

"अगं, मला तरी सांगायचंस!" बत्तीवाला कळवळला.

"आणि स्विच पाडायचा हुकूम कुणाचा?" वहिनींनी विचारलं. मालक छताकडे बघू लागले.

वहिनींनी ताईकडून संगणकाच्या सुरुवातीच्या सूचनांत एक ओळ लिहून घेतली: सुरू होताना ही फाईल स्वतःच बनव. संगणक नीट बंद केला आणि म्हणाल्या, "पाडा स्विच!"

गुडुप अंधार. मग खटका वाजला, दिवे लागले, संगणक सावकाश जागा झाला. भाऊजींनी पडद्यात नाकच खुपसलं.

"वहिनी! आहे! पण कुणी हातानं बनवली नसेल कशावरून?"

वहिनींनी भिंतीकडे बोट दाखवलं. बत्तीवाल्याचा एक हात स्विचवर होता आणि दुसऱ्या हातात ताईचे दोन्ही हात.

मालक घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, आता सोडा तिचे हात. तिकिटं विकायचीत."