बिनजंतांचे उंदीर

शिरोळच्या उसाच्या फडाकडेला एक अनोळखी मुलगी ओणवी होऊन पिंजरा तपासताना दिसली, तेव्हा रुद्रेशने लांबूनच हाक घातली, "ओ पावणं! माझ्या रानात काय चोरतासा?"

"उंदरांच्या लेंड्या," गिरिजा मान वर न करता म्हणाली. "संशोधनासाठी त्यांतली जंतांची अंडी शोधते मी."

"...मग न्या की! पोतं देऊ?"

गिरिजा हसली. हसण्याची सवय तिला राहिली नव्हती. शहरात, राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत सूक्ष्मदर्शक आणि ती – दोघेच. पाहायला आलेली मंडळी तिचे काम ऐकत आणि पोह्यांच्या बशा भरल्या तशाच खाली ठेवत. भरल्या बशीचा अपमान जिने सोसला, तिलाच तो कळतो. गिरिजाने पुढे पोहे करणेच सोडले होते.

दर सोमवारी ती येऊ लागली. आदल्या संध्याकाळी पिंजरे लावण्याचे काम रुद्रेशने आपणहून अंगावर घेतले.

"पुरेशी अंडी मिळाली, की माझे इथले काम संपले," एकदा ती सहज बोलून गेली. तो पाटाच्या पाण्याकडे पाहत राहिला...

त्यानंतर अंडी मिळेनाशीच झाली. उंदीर येत, तेही तुकतुकीत; भिंगाखाली मात्र काही दिसेना. अखेर तिचा धीर सुटला.

"खरे सांगा. काय चारता तुम्ही यांना?"

त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "खोबरं... शेळ्यांचं जंताचं औषध लावून. रोज बिळांपाशी टाकतोय."

"काय?"

"अंडी घावली की काम संपलं, म्हणालासा न्हवं? मग हिकडं कशाला येतासा तुमी?"

"माझी सारी मेहनत तुम्ही –" पिंजरे उचलून ती तरातरा निघाली. बांधाच्या टोकाशी मात्र पाय अडले. खोलीवर वाट पाहणारे कोण होते? आपण जाऊ नये, असे आजवर कुणाला तरी वाटले होते का?

ती परतली.

"आजपासून औषध बंद. पिंजरे पलीकडच्या फडात लावायचे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात... वर्ष जाईल."

"जाऊ दे की!"

तिने पिशवीतून डबा काढला. कितीतरी दिवसांनी आज सकाळी तिने पोहे केले होते. कुणासाठी, हे स्वतःलाही न सांगता.

"माझ्या हातचे... खाल?"

"न विचारता वाढायचं असतंय."

"थांबा. आधी साबण घ्या."

पाटावर हात धुऊन तो समोर मांडी घालून बसला आणि तळाची कोथिंबीरसुद्धा त्याने बोटाने टिपून घेतली.

परतताना एसटीत शेजारची जागा मोकळीच होती. गिरिजाने रिकामा डबा तिथे ठेवला नाही. राजारामपुरी येईपर्यंत तो मांडीवरच धरून ठेवला.