तिसऱ्या प्रहराचा वारा

वाऱ्याने खळ्यावर एक लांबलचक कापडी बाही आणून टाकली, आणि तिच्यामागे धापा टाकत आला वाल्मिक.

सूप घेऊन भात वारवायला उंच तिवईवर चढलेली जिजा वरूनच म्हणाली, "एकाच हाताची बंडी शिवलीत व्हय?"

"बंडी नाही… काठीवर बांधतात ती. वारा कुठून येतो ते विमानवाल्याला वरून दिसतं."

"तेवढ्यासाठी एवढं कापड? मला इचारायचं!"

१९४८ सालचा मार्गशीर्ष होता. मुंबईहून उडणाऱ्या विमानांना अडीअडचणीला उतरता यावं, म्हणून एक कंपनी कडावजवळच्या माळावर धावपट्टी करायच्या विचारात होती. वाल्मिक कर्जतचा, मॅट्रिक झालेला. महिनाभर वारा मोजून वहीत लिहायचा. जागा पसंत पडली तर तिथली कायमची नोकरी त्याचीच.

फाटलेली बाही जिजाने शिवून दिली. मग कधी पाणी प्यायला, कधी नुसताच… त्याची वाट रोज खळ्यावरून जाऊ लागली. जिजाचे वडील मालोजी देवळातल्या कीर्तनात मृदंग वाजवायचे. ताल ओळखणाऱ्या माणसाला नजर ओळखायला किती वेळ लागतो? त्यांनी वाल्मिकला सरळच सांगून टाकलं, "बिनआईची एकुलती पोर हाय. नोकरी हितंच लागली तर देईन. लांब नाय धाडायची."

महिना सरत आला, तेव्हा वाल्मिक हसतच आला. "वही भरली! इथला वारा म्हणजे गरीब गाय."

"तिसऱ्या प्रहरी मोजलात?"

"दुपारी तीनला? नाही. कंपनीच्या वेळा ठरलेल्या… सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा."

जिजाने नुकतंच खाली ठेवलेलं सूप उचलून त्याच्या हाती दिलं. "चढा तिवईवर."

पहिलं सूप नीट गेलं. दुसऱ्याला वारा गरकन फिरला आणि सगळं फोल त्याच्या तोंडावर! जिजा खळखळून हसली. तो खाली उतरल्यावर पदराच्या टोकाने त्याच्या पापण्या पुसताना मात्र तिचा हात क्षणभर रेंगाळला…

"रोजचं हाय हे. खाडीकडचा वारा डोंगरावर आपटतो नि भोवरा होऊन खाली येतो. या वेळेला आमी सूप धरतच नाय."

वाल्मिकचं हसू मावळलं. खाली उतरणारं विमान त्याच्या डोळ्यांपुढे गरकन फिरलं.

"हे लिहिलं तर जागा नापसंत होईल. मला जावं लागेल, जिजा."

"आन् नाय लिवलं तर?"

"कुणाला कळणार आहे?"

जिजाने त्याच्या हातातलं सूप काढून घेतलं. "परवा कीर्तनात बुवा काय म्हनाले? देवाच्या सुपात दाना तेवढा राहतो. खोटं लिवून तुमी राहिलात, तर आपन दोघंबी फोल. लिवा!"

पुढचे तीन दिवस तिसऱ्या प्रहरी दोघं माळावर उभे राहिले. तो मोजायचा, ती आकडे त्याच्याकडून पुन्हा वाचून घ्यायची. वही मुंबईला गेली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागा नापसंत. वाल्मिकची नेमणूक नागपूरच्या विमानतळावर.

तो निरोप घ्यायला आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "उद्याची गाडी आहे…"

"आन् मला इचारायचं?"

"कसं विचारू? बाबांची अट—"

"अट बाबांची. उत्तर माजं." ती ओटीवरच्या मालोजींसमोर जाऊन बसली. "बाबा, मीच यांना खरं लिवायला लावलं. त्यांनी माजं ऐकलं म्हनून नोकरी गेली हितली. अशा मानसाला मी एकट्याला जाऊ देनार नाय."

मालोजींनी मृदंगाच्या वाद्या उगाच ओढून पाहिल्या.

"नागपूर किती लांब रं?"

"विमानानं तीनेक तास, बाबा."

"आन् पायी?"

"पायी… महिना तरी."

"बरं," मालोजींनी डोळे पुसले, "मग भेटायचं मनात आलं की महिनाभर आधी निघंन."

जिजा हसता हसता रडू लागली. वाल्मिक अजून उंबऱ्याबाहेरच होता.

"मग… येशील?"

"इचारलंत बाई एकदाचं!" म्हणत जिजा उठली, आणि तिनेच त्याला हाताला धरून घरात घेतलं.