वरून तीन ठोके

दोष आजोबांचाच होता, हे आधीच सांगून टाकतो. घरातलं दुसरं कोणी हे बोलणार नाही. माणूस म्हातारा झाला की त्याच्या चुकांनाही आमच्याकडे स्वभाव म्हणतात.

खाली आजोबांचं कुलूप दुरुस्तीचं दुकान, वर स्वयंपाकघर, आणि दोन्हींमधून जाणारा एक जुना लोखंडी पाइप. दुपारी एकला आजी पळीने पाइपवर तीन ठोके मारायची. म्हणजे जेवायला चला. खालून हातोडीचा एक ठोका गेला तर आलो, दोन गेले तर थांब. मी कॉलेज सोडून दुकानात बसलो त्याला दोन वर्षं झाली होती. एक ठोका मी क्वचितच ऐकला. आजी ताटं झाकून बसायची. त्यांच्याआधी ती कधी जेवली नाही.

त्या दिवशी तीन ठोके आले. आजोबांनी दोन दिले. लगेच पुन्हा तीन. पुन्हा दोन.

"आज फारच घाई झालीय बाईसाहेबांना," ते हसले.

तिसऱ्यांदा आले ते ठोके हळू होते.

"मी जाऊन बघू का?"

"बस रे. तिला सवय आहे."

अडीचला आम्ही वर गेलो. आजी पाइपला टेकून बसली होती. मुठीत पळी होती आणि अंग गार पडलं होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या सांगायची, "बावन्न वर्षांचा संसार, पण कधी आवाज चढला नाही." मग माझ्याकडे वळून, "शिक जरा. कॉलेजात तर काही शिकला नाहीस."

"आवाज कशाला चढेल? पाइप होता ना," मी म्हणालो. आत्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

महिनाभराने, भर दुपारी एक वाजता, वरून तीन ठोके आले.

आजी गेल्यापासून स्वयंपाकघर बंदच होतं; वर कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. आजोबा कानस चालवत होते. मान वर न करता त्यांनी हातोडी उचलली आणि दोन ठोके दिले. सवयीने. मग हात तसाच हवेत राहिला.

"तू... ऐकलंस?"

"पाइपात हवा अडकली असेल."

"हवेला एक वाजलेला कळतो का रे?"

दुकानात काहीतरी करपल्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून हातोडी धरून बसले. ठोके आले तसा त्यांनी एकच दिला आणि उठले. मी शटर ओढलं, जिना चढून वरचं कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. ओट्यावर महिन्याची धूळ, धुळीत पळी. आजोबांनी ती उचलली.

"दांडा गरम आहे," ते कुजबुजले. "मी आलोय गं..."

काहीच हललं नाही. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पळीने पाइपवर तीन ठोके दिले.

खालून, बंद दुकानातून, दोन आले.

त्यानंतर आजोबा खाली उतरलेच नाहीत. रोज एकला ते तीन ठोके द्यायचे, खालून दोन यायचे. ताट पुढे केलं की झाकून ठेवायचे. "ती आली की बसतो." डॉक्टर, आत्या, सगळे हरले. एकदा मी गुपचूप खाली जाऊन एक ठोका दिला आणि वर आलो. त्यांनी मान हलवली.

"तो तुझा हात होता. तिचा मला कळतो."

नवव्या दिवशी मी मुद्दाम दुकानातच थांबलो. वरून तीन ठोके आले, अगदी हळू. हातोडी माझ्यासमोर पडली होती. ती हलली नाही, मीही हललो नाही. तरी माझ्या कानाशी पाइप वाजला.

एकदाच.

मी धावत वर गेलो. आजोबा पाइपला टेकून बसले होते. ताट झाकलेलंच होतं. नऊ दिवस ते उपाशी होते, आणि उपाशीच गेले.