मिठाविना अश्रू

सुजाण वाचकहो, एका विलक्षण प्रीतीचे कथन मी येथे आरंभीत आहे. चित्त स्थिर ठेवून, शक्यतो दिवसाउजेडी वाचावे, ही नम्र विनंती.

सन एकोणीसशे ब्याऐंशीचा वैशाख. नागपुरातील एका महाविद्यालयाच्या गच्चीवर सावनेरचा संशोधक विद्यार्थी जागेश्वर काचेच्या वाटीत डोकावून बघत होता. सोन्याचांदीचे क्षार एकत्र उकळून त्याने दोन्ही धातूंचे मिश्र कण घडविले होते. कण दृष्टीस अगोचर. द्रावण मात्र डाळिंबाच्या रसासारखे रक्तिम! उन्हाच्या बळावर हे कण रंगाऱ्यांच्या हौदातील मळके पाणी नितळ करतील, ही त्याची आशा. इतक्यात कपाळीचा घाम वाटीत टपकला... आणि तांबडे द्रावण क्षणात निळेकाळे पडले.

"घामातलं मीठ लागलं जी त्याले!" मागून कोणी खुदकन हसले. "रुमाल नाही का तुमच्यापाशी?"

ती चंद्रकला. उमरेडच्या कोष्ट्याची, सूत रंगवून विणणाऱ्याची, लेक.

"आमच्या रंगाच्या पाण्यानं विहीर नासली," ती म्हणाली. "ते पाणी निवळल्याबिगर मी इथून हालत नाही."

मग रोज भर दुपारी ती येऊ लागली. तापलेल्या फरशीवर अनवाणी!

"चटका बसत नाही वं तुले?"

"तुमी पाहून राहिले ना... मंग कायचा चटका?"

जागेश्वर लाजून चूर होई. एकदा शिपाई मनोहरराव जिन्यातून ओरडले, "एकटाच कोनासंग बोलून राहिला गा?" जागेश्वरास ती थट्टाच वाटली.

अखेर एके दुपारी उमरेडच्या त्या विहिरीतून मागविलेले मळके पाणी त्या कणांनी उन्हात खरोखर निवळले. जागेश्वर हर्षाने बेभान झाला.

"उद्या उमरेडले येतो — तुले मागणी घालाले. हो म्हनशीन?"

तिचे डोळे भरले. एक अश्रू वाटीतील उरल्या द्रावणात पडला. द्रावण लालच राहिले. निळी छटासुद्धा नाही!

जागेश्वराच्या अंगावर सर्रकन काटा आला. "चंद्रकला... तुझ्या आसवात मीठ कसं नाही वं?"

"मीठ खाऊन लई वर्सं झाली जी," ती हळूच म्हणाली. "त्याच विहिरीचं पानी पेली होती मी... उठलीच नाही मंग. आता पानी निवळलं. जाऊ द्या मले."

जागेश्वरास सारे उमगले. परंतु तो पळाला नाही.

"जा... पण हो म्हनून जा."

"हो," ती म्हणाली. वारा नव्हता, तरी पदर हलल्यासारखा झाला — आणि समोर नुसती तापलेली फरशी.

जागेश्वराची आसवे वाटीत टपटपली. बघता बघता लाल द्रावण गर्द निळे झाले.

हे कथन आपण गोड मानून घेतले, याबद्दल वाचकांचा ऋणी,
बाबनराव निपाने, इतवारी, नागपूर