अगंबाई, चुकलं की!

आमच्या ऑफिसने बनवलेल्या फोनवरच्या खेळात परक्या भाषेतला चुकीचा शब्द निवडला की एक बाई खळखळून हसते आणि म्हणते, "अगंबाई, चुकलं की!" तेवढं ऐकायला लोक मुद्दाम चुकतात.

तो आवाज माझ्या ताईचा. तिला विचारलंच नाही. तिला परदेशात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी हवी होती. त्यासाठी भाषेची तोंडी परीक्षा. ती स्वयंपाकघरात शब्द घोकायची, चुकली की हसायची; उच्चार तपासायला म्हणून मी रेकॉर्ड करायचो. ऑफिसात मालकाने ते माझ्या फोनवर ऐकलं. "कोण रे ही? कसली वेड्यासारखी हसते! खेळात टाक."

"विकतचा आवाज आहे," मी म्हणालो. वर सगळ्यांबरोबर हसलो. नालायक.

खेळ बाजारात आला आणि त्याच आठवड्यात ताईच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. तिचे ओठ हलले. अगंबाई. आवाज नाही. पुढचं मात्र नीट ऐकू आलं, "ए शहाण्या, बघत काय बसलास? फडकं दे."

घसा बसलाय, म्हणाली. मग तिचं हसणं गेलं. तोंड उघडायचं, खांदे गदागदा हलायचे, बाकी शुकशुकाट. डॉक्टरला घशात काही सापडलं नाही. एकदा ती अशीच हसत असताना तेच हसू भिंतीपलीकडून आलं. शेजारीण खेळत होती. ताईने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी घाईघाईने खेळातून तो आवाज काढून टाकला. तपासायला चुकीचा शब्द दाबला.

"ए शहाण्या, बघत काय बसलास?" फोन म्हणाला.

हे मी कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ताईचं बोलणंच बंद झालं. मालकाला सांगून खेळ बंद करता आला असता. पण मग बाई कोण, तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटली. गेलो नाही.

परीक्षेच्या सकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून टेबलापाशी बसली. ओठ हलवून काहीतरी विचारलं. मला कळेना. तिने माझ्या फोनकडे बोट दाखवलं.

मी खेळ उघडला. मुद्दाम चुकलो.

"तूच ना रे?" फोनने विचारलं.

मी मान खाली घातली.

फोन थरथरला. मालकाचा निरोप. "नवीन वाक्य जबरदस्त! जो तो तेच ऐकतोय. कुठून आणलंस?"

ताईने वाचलं. दोन्ही हातांनी चेहरा झाकला. खांदे हलायला लागले.

हसतेय की रडतेय, कळेना.

मी आणखी एक शब्द चुकवला आणि फोन कानाला लावला.