पायरीवरचा जादा जोड

आमच्या अनिलला मुलगी झाली आणि तिचं बारसं ईडन प्रेरीतल्या त्याच्या घराच्या तळघरात झालं, ते १९८४ साल. आम्ही दोघं त्यासाठी कोल्हापूरहून अमेरिकेत आलो होतो. हे गुरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. सगळा जन्म घोड्याबैलांच्या खुरांशी गेलेला. काय बघायचंय, असं अनिलनं विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, "घोडेवाले दाखव."

"आबा, डॉक्टरांनी दगदग नको म्हटलंय," अनिल म्हणाला.

"मी बघणार आहे रे. बसणार नाही घोड्यावर."

यांचं छातीचं दुखणं मला रोज भीती घालायचं. गोळ्या माझ्याच पिशवीत असायच्या. यांना सुखरूप परत कोल्हापूरला न्यायचं, बाकी मला अमेरिकेत काही नको होतं.

वायोमिंगमधल्या शायॅन शहरात जुलैअखेर घोडेवाल्यांची मोठी जत्रा भरते. हॉटेलं भरून जातात आणि गावातले लोक आपली घरं आठवड्यापुरती भाड्यानं देतात. अनिलनं फोनवर एक घर ठरवलं होतं. मका आणि आभाळ यांच्याशिवाय काही नसलेल्या रस्त्यानं आम्ही तिथे पोहोचलो, तर घरं दाखवणाऱ्या मिसेस डॉसन म्हणाल्या, मालकानं कॅन्सल केलं. पण दुसरी तीन घरं रिकामी आहेत, बघा आणि निवडा.

"ऐन जत्रेत तीन घरं रिकामी?" मी अनिलला विचारलं.

"लकी आहोत आपण, आई."

मला ते पटलं नाही. मी त्या बाईकडे नीट पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, गळ्यात निळ्या खड्याची माळ. ती हसत होती, पण घरांबद्दल बोलताना आमच्याकडे बघत नव्हती.

मला अक्षरं उशिरा आली, पन्नाशी उलटल्यावर, गल्लीतल्या प्रौढांच्या वर्गात. त्याआधी मी दारातल्या चपला वाचायची. कोण आलंय, रागानं आलंय की सवडीनं, हे मला पायताणांवरून कळायचं. यांचा तपकिरी बूट तर मी अंधारात ओळखला असता. कोल्हापूरच्या मोच्यानं शिवलेला, डाव्या टाचेला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेला. अनिलनं पांढरे कॅनव्हासचे आणून दिले होते, ते यांनी पेटीतून काढलेही नाहीत.

पहिलं घर रेल्वेच्या यार्डाजवळ होतं. पिवळं, लाकडी, पुढे ओटा. आम्ही सवयीनं पायरीवर पायताणं काढली. मिसेस डॉसन काहीतरी म्हणाल्या आणि रेखाला, माझ्या सुनेला, हसू आलं.

"काय म्हणतेय?"

"आई, ती विचारतेय, आत प्रार्थना करणार आहात का!"

ओट्यावर उंच बुटांचा एक जोड होता. टोकं निमुळती, चामडं मधाच्या रंगाचं. एक बूट उभा, दुसरा तळवा वर करून उलटा पडलेला.

"उलटं पायताण असू नये दारात," असं म्हणून यांनी तो उचलला, झटकला, सरळ केला आणि जोड आपल्या बुटांशेजारी नीट लावून ठेवला. "कामाचा बूट आहे. रिकिबीत घासलाय बघ."

घरात भिंतीला शिंगं, छताला गाडीच्या चाकाचा दिवा, कोंडलेला वास. मी म्हटलं, "दारात बूट आहेत म्हणजे माणूस घरात आहे. हे घर नको."

अनिलनं विचारलं. मिसेस डॉसननं खांदे उडवले. घर मे महिन्यापासून बंद आहे, म्हणाली. बूट कोणाचे ते तिला ठाऊक नव्हतं.

दुसरं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळ्याजवळ, विटांचं. पायरी झाडून स्वच्छ. आम्ही पायताणं काढून आत गेलो. स्वयंपाकघर रेखाला आवडलं. बाळाला दूध पाजून आम्ही बाहेर आलो.

पायरीवर आमच्या पायताणांच्या रांगेत तो मधाच्या रंगाचा जोड उभा होता. यांच्या बुटांना खेटून.

"अनिल, हे तेच बूट आहेत."

"आई, अख्खं गाव असलेच बूट घालतं यार."

"उजवी टाच आतून झिजलेली. तशीच झिजलीय बघ."

"म्हणजे आता तू बुटांचे फिंगरप्रिंट्स घेणार?"

मी वाकून एका बुटात हात घातला. आतून उबदार होता. नुकताच कोणी पाय काढावा तसा. मी रस्त्याकडे पाहिलं. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंनी रिकामा. वारा तेवढा वाहत होता.

मला वाटलं, ही बाई आणि तिचा कोणी साथीदार मिळून काही खेळ करताहेत. लोकांना घाबरवायचं आणि महागडं घर गळ्यात मारायचं. मी मिसेस डॉसनच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं बूट पाहिले आणि किल्ली कुलपात फिरवायला तिला फार वेळ लागला. तिला काही ठाऊक असेल, पण खेळ तिचा नव्हता.

हे मात्र खुशीत होते. "माझ्या मागं लागलाय जोड," म्हणाले.

"असलं बोलू नका."

तिसरं घर गावाबाहेर होतं. भोवती पिवळं गवत, एकही झाड नाही, कुंपणापलीकडे दोन घोडे. येणारा माणूस कोसावरून दिसला असता. मी म्हटलं, तुम्ही आत जा, मी पायरीवर बसते.

"चपलांची राखण?" अनिल म्हणाला.

"हो. राखण."

ते पायताणं माझ्याशेजारी काढून आत गेले. मी पायरीवर बसले आणि रस्त्यावरची नजर हलवली नाही. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, तरी मान वळवली नाही. गवत वाकत होतं, घोडे चरत होते. कोणी आलं नाही. गाडी नाही, सायकल नाही, माणूस नाही. हळूहळू माझा जीव शांत झाला. इथवर तरी तो जोड पोहोचला नाही, असं मला वाटलं.

"हेच घर घेऊ," मी आत ओरडून सांगितलं.

"अखेर!" रेखा म्हणाली. "आईंना पसंत पडलं!"

मग आतून यांची हाक आली. "अगं, हे बघ."

हे मागच्या खोलीत पलंगावर बसले होते. पायात ते उंच बूट.

"कुठं मिळाले?"

"इथंच होते, पलंगाखाली. माझ्याच मापाचे निघाले बघ."

मी पायरीकडे धावले. माझ्या चपला होत्या. अनिलचे, रेखाचे बूट होते.

यांचे नव्हते.

मी रस्ता राखला होता. माझ्याशेजारचे बूट मी राखले नव्हते.

"आत्ता इथून निघू," मी अनिलला म्हटलं. "काढायला लाव त्यांना ते."

"आई, आबा किती दिवसांनी इतके हॅपी आहेत. बघ तरी."

खरंच होतं ते. हे हसत होते. पण खोलीत फिरले तेव्हा मी कान टवकारले. चाळीस वर्षं ऐकलेली ती पावलं नव्हती. जड होती, फाकलेली, घोड्यावरून उतरलेल्या माणसाची.

आम्ही राहिलो. जत्रेत हे कुंपणाला टेकून तासन् तास उभे राहत. गोळी दिली की माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत, मग घेत. बूट काढा म्हटलं की म्हणत, "थांब जरा. घोड्यांना पाणी पाजायचंय अजून."

एका दुपारी ते ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. मी चहा घेऊन गेले.

चहा घ्या म्हटलं. घेतला नाही.

पाय उघडे होते. तळव्यांना लाल धूळ होती.

बूट नव्हते. घरात नव्हते, गवतात नव्हते, कुठेच नव्हते.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. आम्ही यांना पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत निरोप दिला.

मी अनिलकडेच राहिले. पुढच्या उन्हाळ्यात रेडमंड गावी राहणाऱ्या राजीवनं, अनिलच्या मित्रानं, शायॅनला जायचं ठरवलं. त्याचे वडील, एकनाथराव, नागपूरहून आले होते. मी राजीवला फोनवर म्हटलं, तिथे नका जाऊ. तो म्हणाला, "काकू, घर आम्ही अगदी वेगळं घेतलंय, डोंट वरी."

तिथे पोहोचल्यावर त्याच्या बायकोचा, सुचित्राचा, फोन आला. मजेत होती.

"काकू, गंमत सांगते. पायरीवर एक जोड पडला होता. तपकिरी. चक्क इंडियन! डाव्या टाचेला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलाय."

मी विचारलं,

"उलटा पडला होता का?"

"हो! तुम्हाला कसं कळलं? एक उलटा होता. बाबांनी सरळ करून आपल्या बुटांशेजारी ठेवला."

"सुचित्रा, त्यांना हात लावू देऊ नकोस. उचल आणि लांब टाकून दे."

"अहो काकू, बाबा ते घालूनच फिरायला गेलेत. अगदी मापाचे निघाले."

माझे यजमान जगन्नाथ शायॅनला २६ जुलै १९८४ रोजी वारले. राजीवचे वडील एकनाथराव तिथेच २७ जुलै १९८५ रोजी वारले. ते अनवाणी होते.